घर जळालं किंवा पाडलं, तर पुन्हा बांधण्याआधी कोणते कागद वाचाल?

मी ठाण्यात जमिनींचे सर्च काढते, म्हणजे जमिनीच्या मालकीचे जुने कागद शोधून तपासते. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा बिल्डरचा पुनर्विकासाचा प्रस्ताव हातात घेऊनच येतात. कार्पेट किती, कॉर्पस म्हणजे बिल्डर देणार ती एकरकमी रक्कम किती, भाडं किती, सगळं पाठ असतं. ज्या जमिनीवर घर उभं राहायचं तिचा कागद मात्र कुणी उघडलेला नसतो. हा क्रम उलटा करा, ही माझी कळकळीची विनंती.

चरई, नौपाड्यातल्या जुन्या वाड्यात किंवा चाळीत भाडेकरू असाल, तर त्याआधीचं काम मोजणीचं. आग लागली किंवा महापालिकेने इमारत अतिधोकादायक, म्हणजे सी-१ ठरवली, की ती पाडण्यापूर्वी आपल्या खोलीचं क्षेत्र मोजून लेखी घ्या. भाडेपावत्या आणि वीजबिलं जपा. ‘वाडाच गेला, आता तुमचं काय उरलं’ असं मालक म्हणाला तर घाबरू नका. आगीत, पुरात जागा नष्ट झाली तर भाडेपट्टा संपवायचा का, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने ठरवायचं असतं. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनसी खिमजी यांच्या खटल्यात सांगितलं आहे.

आता जमीन. जुन्या ठाण्यात टिक्का नंबर (सर्व्हेच्या नकाशाचा क्रमांक) आणि सिटी सर्व्हे नंबर घेऊन मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. क्षेत्र आणि धारकाचं नाव सगळेच बघतात. तुम्ही धारणाधिकार, सुविधाधिकार, पट्टेदार, इतर भार आणि इतर शेरे हे रकाने बघा. सातबारा असेल तर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलंय का ते तपासा. तसं असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही, आणि त्यासाठी भरायचा पैसा कोण भरणार हे करारातच लिहून घ्यावं लागतं. सोसायटीच्या नावावर जमीन झालेली नसेल तर मोफाच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करता येतो.

खरी मेहनत मूळ खरेदीखतात आहे. नोंदणी कार्यालयातून त्याची नक्कल काढा. खूप जुनं असेल तर ते मोडी लिपीत असू शकतं. तेव्हा जाणकाराकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, नुसता गोषवारा नको. चरईतल्या एका जळालेल्या वाड्याच्या खतात, मागच्या घराला विहिरीकडे जाण्यासाठी सहा फुटांची वाट कायम मोकळी ठेवण्याची अट होती. नव्या नकाशात नेमका तिथेच जिना काढला होता. नकाशा मंजुरीला जाण्याआधी अट सापडली, म्हणून जिना सरकवता आला.

अशी अट दिसली की दोन प्रश्न विचारा. ती कोणाच्या फायद्याची आहे? विकणाऱ्याने शेजारची जमीन स्वतःकडे ठेवली होती का? कायमच्या विक्रीत ‘इथे असंच राहा, तसंच वापरा’ अशी नुसती इच्छा घातली असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे (मोफाच्या नव्हे) घेणारा ती बाजूला ठेवू शकतो. पण विकणाऱ्याने स्वतःच्या शेजारच्या जमिनीचा उजेड, वाट, हवा राखण्यासाठी अट घातली असेल, तर तिला वजन येतं. ‘अमुक बांधू नये’ अशा स्वरूपाची अट, तिची माहिती असलेल्या पुढच्या खरेदीदाराविरुद्धही त्याच अधिनियमाच्या कलम ४० खाली लागू करता येते. आणि खत नोंदणीकृत असेल तर ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हे सहसा ऐकलं जात नाही. इथे वकिलाचं लेखी मत घ्याच. शेजाऱ्याशी बोलून वाट दुसरीकडे वळवणं शक्य असतं, फक्त तो करारही नोंदवून घ्या.

नवी मुंबईत गोष्ट वेगळी. तिथे सिडकोने जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याने दिलेली असते, त्यामुळे वरची कलम ११ ची सवलत गृहीत धरू नका. भाडेपट्ट्यातला वापर, चटईक्षेत्र, उरलेली मुदत आणि हस्तांतरणाच्या अटी वाचा. सिडकोचं ना-हरकत हातात आल्याशिवाय घर रिकामं करू नका.

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडे असाल तर उताऱ्यावर ‘खासगी वन’ असा शेरा आहे का पाहा. वन कायद्याखालची नोटीस मालकावर बजावलेलीच नसेल, तर नुसत्या जुन्या नोटिशीने जमीन खासगी वन ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गोदरेजच्या खटल्यात ३० जानेवारी २०१४ रोजी स्पष्ट केलं. तरी तुमच्या उताऱ्यावरचा शेरा कमी झाल्याचा फेरफार हाती असायला हवा.

सापडलेल्या सगळ्या अटी पान क्रमांकासह एका कागदावर लिहा. तो कागद बिल्डर निवडण्याआधी वास्तुविशारदाला द्या, सगळ्या रहिवाशांच्या सभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या. पुढे विकास करारालाही तो परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा.