पावणेदोन किलोचं कुत्रं घरी आणण्याआधी

आमच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आता रवा-बेसन कमी आणि बुंदी जास्त बसते. बुंदी म्हणजे आमची चिवावा. घरी आली त्या दिवशी ६२० ग्रॅम होती, आज दोन वर्षांची झाली तरी पावणेदोन किलो. शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "काय गं, कुत्रं हाय का उंदीर?" माझ्या मामांच्या शेतावर कारवानी कुत्री असायची, एका झेपेत बांध ओलांडणारी. त्यांचं मत काकूंपेक्षा कडक होतं, ते इथे लिहीत नाही.

आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर गेलं की कोणीतरी थांबवतंच. कुठनं आणलं? केवढ्याला पडलं? एवढुसं आहे, खर्च काहीच नसेल ना? या शेवटच्या प्रश्नातच सगळी गफलत आहे. वीस किलोचं कुत्रं जी चूक सहज पचवतं, तीच चूक पावणेदोन किलोच्या जिवाला दवाखान्यात पोचवते. तेव्हा आणायच्या आधी काय काय करायचं, ते आमच्या अनुभवाच्या क्रमाने सांगते.

'टीकप' ऐकलं की पाकीट खिशातच ठेवा

टीकप, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं म्हणून विकलं जाणारं कुत्रं, अशी कुठलीही जात नाही. केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्था, असं माप मानत नाहीत. चिवावाचं आदर्श वजन आंतरराष्ट्रीय मापानुसार दीड ते तीन किलो, आणि अमेरिकन केनेल क्लबच्या मापात पोमेरेनियन साधारण १.४ ते ३.२ किलो. म्हणजे मुळातच ही कुत्री लहान. त्याहून लहान हवं म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: वाढ खुंटलेलं पिल्लू, मुद्दाम अशक्त जोड्या लावून काढलेलं पिल्लू, नाहीतर वय वाढवून सांगितलेलं पाच आठवड्यांचं साधं पिल्लू.

चौथा प्रकार आपल्याकडे खास आहे. माझ्या चुलतभावाने 'टीकप पॉम' (पोमेरेनियन) म्हणून आणलेला गोळा वर्षभरात सहा किलोंचा झाला. तो इंडियन स्पिट्झ निघाला. आपल्याकडे पॉम म्हणून फिरणारी पांढरी कुत्री बरीचशी हीच, लहान चणीची ५ ते ७ किलोंची. कुत्रं गुणी आहे, आपल्या हवेत छान टिकतं, आणि खरं विचाराल तर पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी हेच सुचवेन. पण पैसे मोजताना आपण काय घेतोय ते माहीत असलेलं बरं.

पिल्लू बघायला जा, फोटो बघून ठरवू नका

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. "ते काय लागत नाही ओ" असं उत्तर आलं की निघा. मोबाईलवर गोड फोटो आणि "ॲडव्हान्स टाका, गाडीने पाठवतो" म्हणणाऱ्यांच्या नादाला तर लागूच नका. पैसे जातात आणि पिल्लू येत नाही. आलंच तर रात्रभराच्या प्रवासाने अर्धमेलं होऊन येतं.

वय खरं आहे का, ते तोंडात बघून बऱ्यापैकी कळतं. कुत्र्याचे दुधाचे दात २८ असतात आणि साधारण आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक आलेले असतात. चिमुकल्या जातींत थोडे उशिरा येतात हे खरं, पण पुढचे दातही नुसते टोक काढून असतील आणि मागच्या दाढांच्या जागी गुळगुळीत हिरडी असेल, तर ते पिल्लू आठ आठवड्यांचं नाही, विकणारा काहीही सांगो.

मग त्याला जमिनीवर सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. धावता धावता मागचा एक पाय मध्येच उचलून लंगडी घालतंय का? या कुत्र्यांची गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते, ते पहिलं लक्षण. खेळल्यावर बदकासारखं खोकतंय का? श्वासनलिका मऊ असण्याची शंका घ्या. चिवावा असेल तर डोक्यावरून अलगद बोट फिरवा. बाळासारखीच टाळू काही चिवावांची भरलेली नसते. छोटा खळगा असला तर घाबरायचं कारण नाही, मात्र टाळू मोठी, डोकं घुमटासारखं आणि डोळे बाहेरच्या बाजूला वळलेले दिसले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आईला बघायचा आग्रह धरा. आई दाखवत नाहीत तिथे काहीतरी लपवायचं असतं.

कळपातलं सगळ्यात बारकं, कोपऱ्यात बसलेलं पिल्लू बघून जीव तुटतो. माझाही तुटला होता. तरी पहिलं कुत्रं म्हणून ते घेऊ नका.

डॉक्टर आधी, पिल्लू नंतर

आपल्या जिल्ह्यात जनावरांचे डॉक्टर म्हटलं की म्हैस आधी येते, आणि ते साहजिकच आहे. पण दीड किलोच्या कुत्र्याला सलाईनची सुई लावणं, त्याला भूल देणं हे वेगळं कसब आहे. लहान कुत्री रोज हाताळणारे डॉक्टर शोधा आणि पिल्लू आणायच्या आधीच भेटून या. रात्री फोन उचलतात का, हे तोंडावर विचारा. रात्रीसाठी दुसरा नंबरही घेऊन ठेवा.

लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. लहानखुऱ्या कुत्र्यांना एकाच वेळी जास्त लसी दिल्या की सूज, उलटी असा त्रास होण्याचा संभव मोठ्यांपेक्षा जास्त असतो. तेव्हा दोन लसी वेगवेगळ्या दिवशी देता येतील का ते विचारा आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. जंताचं औषध, गोचिडाचं औषध, सगळं ग्रॅमवर मोजून द्यायचं. मोठ्या कुत्र्याची ट्यूब आणून 'थोडीशी' लावणं हा अंदाजपंचे कारभार इथे चालत नाही. माणसांची तापाची किंवा अंगदुखीची गोळी तर कधीच नाही.

घरात जमिनीवर बसून घर बघा

सोफ्यावरून मारलेली उडी. या कुत्र्यांचे पुढचे पाय मोडण्याचं नेहमीचं कारण एवढं साधं आहे. त्यांच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीएवढंही जाड नसतं. सोफ्याला, पलंगाला पायऱ्या लावा किंवा उशा टाका, आणि पहिल्या दिवसापासून वर चढवायची सवयच लावू नका. आम्हाला ते जमलं नाही, म्हणून आमच्याकडे पायऱ्या आहेत.

गॅलरीच्या गजांतली फट मोजा. पिल्लाचं डोकं गेलं की सगळं पिल्लू जातं. तिथे जाळी बांधा. झोपाळा असेल तर खाली पिल्लू असताना कोणी झोका घ्यायचा नाही. अंगणातली गाडी काढायच्या आधी चाकामागे बघायची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यायची. आम्ही सगळे आता घरात पाय उचलून न चालता घासत चालतो. पाहुण्यांना हसू येतं. मुलांना एकच नियम: पिल्लू हातात घ्यायचं तर आधी मांडी घालून खाली बसायचं. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर थोडं थांबा, नाहीतर मोठ्या चणीचं कुत्रं घ्या.

पहिला आठवडा: काकवी हाताशी ठेवा

बुंदी आली त्या दिवशी घरात जत्रा होती. प्रत्येकाला ती हातात हवी होती. सासूबाईंनी कौतुकाने गंगावेशीतनं धारोष्ण दूध आणलं आणि वाटीत घालून पाजलं. मीही काही बोलले नाही, कारण कोल्हापुरात म्हशीच्या दुधाला नाही म्हणायचं आपल्या जिभेवर येत नाही. संध्याकाळी तीनदा पातळ जुलाब झाले. रात्रीचं खाणं तिने हुंगून सोडलं. पिल्लू दमलंय, झोपू दे, असं म्हणून आम्हीही झोपलो.

रात्री दोनला उठून बघितलं तर ती कुशीवर आडवी होती. हाक मारली तर डोकं उचलायचा प्रयत्न करायची आणि मान डुगडुगत खाली जायची. हिरड्या पांढुरक्या, कान गार. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात मध किंवा काकवी आहे?" काकवी होती. बोटाच्या टोकावर घेऊन हिरड्यांना चोळली, दोन मिनिटांनी पुन्हा. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली. दहा-बारा मिनिटांत तिने डोकं उचलून माझं बोट चाटलं. मग तिला तसंच स्वेटरमध्ये घेऊन दवाखाना गाठला.

झालं होतं ते असं की रक्तातली साखर उतरली होती. एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा, आणि अंगाच्या मानाने उष्णता फार जाते. एक-दोन खाणी चुकली, जुलाब झाले, थंडी लागली किंवा खेळून दमलं की साठा संपतो. चार महिन्यांपर्यंत हा धोका जास्त. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा खायला द्या, शेवटचं रात्री अकराला आणि पहिलं सकाळी सहाला. पिल्लू मलूल झालं, झोकांड्या खायला लागलं, थरथरलं की हिरड्यांना गोड चोळा आणि निघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जाईल. आणि साखर चढून तरतरीत झालं म्हणून दवाखाना टाळूही नका, तासाभरात पुन्हा उतरू शकते.

वजन रोज एकाच वेळी करून वहीत लिहा. पिल्लाचं वजन रोज थोडं वाढायला हवं. दोन दिवस वाढलं नाही किंवा उतरलं तर फोन करा. आणायला जाताना सकाळी जा, म्हणजे काही झालंच तर दिवसा दवाखाने उघडे असतात. गणपती-दिवाळीच्या आठवड्यात तर आणूच नका. मिरवणुकीच्या डॉल्बीने आपली छाती हादरते, तिथे त्याचं काय होईल.

खाणं, आणि तांबडा-पांढरा रस्सा

सुरुवातीला आधीच्या घरी जे खात होतं तेच द्या, बदल आठवडाभरात हळूहळू करा. लहान जातींच्या पिल्लांचं बारीक दाण्यांचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून दिलेलं बरं.

आपल्या स्वयंपाकघरातला खरा शत्रू कांदा-लसूण चटणी. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की त्रास ठरलेला. बुंदीसाठी हा हिशोब नऊ ग्रॅमांचासुद्धा नाही, म्हणजे रश्श्यात बुडवलेल्या भाकरीचे चार तुकडेसुद्धा देऊ नका. रविवारी पाहुणा टेबलाखालून प्रेमाने काय सरकवतो, त्यावर लक्ष ठेवा. शिजलेली हाडं, द्राक्षं, मनुके, चॉकलेट, चहा यांनाही दार बंद.

बाहेर

लसी पुऱ्या होईपर्यंत रंकाळ्यावर कडेवरच. नंतरही गळ्यात पट्टा बांधून ओढायचं नाही, छातीचा हार्नेस घ्या, श्वासनलिकेवर ताण येत नाही. मोकाट कुत्री आली तर पळू नका. आपल्या कुत्र्याला छातीशी घ्या, पाठ वळवा आणि सावकाश चालत राहा. गच्चीवर पिल्लू एकटं सोडू नका, वर घारी फिरत असतात. मला आधी हे अति वाटायचं. एकदा एक घार बुंदीवरून दोन घिरट्या घालून गेली, तेव्हापासून वाटत नाही.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत फिरवून आणा. उन्हाळा आहे म्हणून पॉमचे केस मुळापासून भादरू नका, कधी कधी ते परत नीट येतच नाहीत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा, धोका असतो, त्याची लस विचारा, आणि घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड चाचपा. पंचगंगेकाठी राहत असाल तर २०१९ आणि २०२१ चे महापूर तुम्हाला सांगायला नकोत. पिल्लाची प्रवासाची पेटी, आठ दिवसांचं खाणं आणि लसीचं कार्ड जूनमध्येच एका पिशवीत भरून ठेवा.

दात ही कायमची कटकट. एवढ्याशा जबड्यात ४२ दात, त्यात दुधाचे पडायचे राहतात आणि दोन रांगा होतात. सहा-सात महिन्यांचं झालं की दाखवून घ्या. रोज ब्रश केला तरच बारा-पंधरा वर्षं तोंड शाबूत राहतं, आणि एवढी वर्षं ही कुत्री सहज जगतात.

आणखी एक. पहिल्या वर्षानंतर लोक विचारायला लागतील, "आमच्याकडे नर आहे, जोडी लावूया का?" एवढ्या लहान मादीला पिल्लं बहुतेक एक-दोनच होतात आणि त्यांची डोकी मोठी असली तर सिझेरियन करावं लागतं, तेही पावणेदोन किलोच्या जिवावर भूल देऊन. आम्ही डॉक्टरांशी बोलून बुंदीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. रंकाळ्यावर विचारणाऱ्यांना आता तेवढंच सांगते, आणि पुढचा प्रश्न येण्याआधी तिला उचलून चालू लागते.