कॉमन रेल डिझेल इंजिन सुरू होत नसेल तर तपासणी कशी करावी

कॉमन रेल पद्धतीत उच्चदाब पंप डिझेल दाबून एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो आणि इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, केव्हा व किती वेळ उघडायचा हे ईसीयू (इंजिनाचे संगणकीय नियंत्रण युनिट) क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, वेग, रेलमधील दाब आणि तापमान पाहून ठरवते. म्हणूनच स्टार्टर फिरत असूनही इंजिन पकडत नसेल, तर इंजेक्टर काढण्याची घाई न करता आधी स्कॅनर, म्हणजे ईसीयूमधील आकडे दाखवणारे यंत्र, जोडावा.

स्टार्टर मारताना इंजिनाचा वेग आणि रेलचा दाब हे दोन आकडे एकत्र पाहावेत. वेग शून्यच दिसत असेल, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी. वेग दिसतो, पण दाब साधारण २०० ते ३०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) चढत नाही, अशा वेळी टाकीतील डिझेल, फिल्टर आणि नळ्यांत शिरलेली हवा आधी पाहावी. ते ठीक असल्यास प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला (जास्तीचे डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीला) मापाची बाटली लावून स्टार्टर फिरवावा. एखादी बाटली इतरांपेक्षा बरीच लवकर भरली, तर त्या इंजेक्टरमधून दाब निसटत आहे असे समजावे. ही चाचणी साधी असली तरी माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे.

इंजिन चालू असताना उच्चदाबाची नळी कधीही सैल करू नये, कारण हजार बारहून अधिक दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. इंजेक्टर बदलल्यास, त्यावर कोरलेला कोड ज्या गाड्यांत लागतो तिथे तो ईसीयूमध्ये भरावा.