खांदा गेला, बॉलिंग सुटली? आता पोरांना शिकवायला घ्या

आपल्याकडे प्रत्येक वाडीत एक तरी असा दादा असतो, मंडळाकडून वर्षानुवर्षं टेनिस बॉलवर फास्ट टाकली, मुंबईच्या टीमनी पण खेळायला नेलं, आणि मग खांदा वर जाईना म्हणून आता मळ्यात बाउंड्रीला बसून नवीन पोरांना शिव्या घालतो. हे त्याच्यासाठी आहे. कोच कसं व्हायचं याचं उदाहरण मात्र मी बेसबॉलमधून घेतोय, टॉम हाऊसचं.

पहिलं म्हणजे आपण काही मोठे प्लेअर नव्हतो ही लाज सोडा. हाऊस डावखुरा रिलीफ पिचर (पिचर म्हणजे बेसबॉलमधला बॉलर), म्हणजे पहिला पिचर दमला की मधेच येऊन टाकणारा, १९७१ ते १९७८ मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये होता पण स्टार कधीच नव्हता, बॉलला तसा स्पीड पण नव्हता. ८ एप्रिल १९७४ ला हँक ॲरनने ७१५ वी होम रन (आपल्या सिक्सरसारखी) मारून बेब रूथचा सर्वात जास्त होम रनचा रेकॉर्ड मोडला तो बॉल बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर वॉर्म-अप करतात तिथे, उभ्या असलेल्या हाऊसने झेलला, लोकांना तो आठवतो तो यासाठीच! पण नंतर हा माणूस सायकॉलॉजीत पीएचडी करून १९८५ ते १९९२ टेक्सास रेंजर्स या टीमचा पिचिंग कोच होता, आणि त्याच्या हाताखाली पिचर नोलन रायनने १९९१ ला ४४ व्या वर्षी सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिला नाही. दोघांचा जन्म १९४७ चाच. माझं मत विचाराल तर ज्याला देवाने स्पीड दिलेला नसतो त्यालाच बॉल जातो कसा याचा विचार करावा लागतो, म्हणून तो बरा शिकवतो.

दुसरं, डोळ्यावर भरवसा ठेवू नका, व्हिडिओ काढा. हाऊस हे कॉम्प्युटरवर करायचा तेव्हा लोक हसायचे, आज तुमच्या खिशातल्या मोबाईलला स्लो मोशन आहे. एकदा बाजूने एकदा मागून शूट करा, पुढचा पाय कुठे पडतो, तेव्हा हात कुठे असतो, डोकं एका बाजूला पडतं का एवढंच बघा. आणि एका दिवशी एकच गोष्ट सांगा, नाहीतर पोरगं गोंधळतं.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर मळ्यात भात उभा, कातळाचा सडा निसरडा, आणि आपली पोरं चार महिने हात हलवत नाहीत आणि मग दिवाळीनंतर पहिल्याच टूर्नामेंटला जीव काढून टाकतात, खांदे तिथेच जातात. यावर हाऊसचा टॉवेल ड्रिल मस्त आहे, पडवीत होतो. बॉलऐवजी हातात पंचा धरायचा, समोर एकाने हात पुढे करून बसायचं, आणि पूर्ण ॲक्शन करून पंचाचं टोक त्याच्या हातावर फटकारायचं. पाय आखूड पडला किंवा अंग मागे राहिलं की टोक पोचतच नाही, तुम्हाला बोलायची गरजच पडत नाही. फिल्डिंगच्या थ्रोला हे जसंच्या तसं चालतं, बॉलिंगला मात्र कोपर सरळ ठेवूनच करून घ्या, नाहीतर फेकी बॉलर तयार कराल. हाऊस पिचरकडून अमेरिकन फुटबॉल पण फेकून घ्यायचा, तो लांबट बॉल चुकीच्या ॲक्शनने फेकला की हवेत डुगडुगतो. आपल्याकडे तो मिळणार नाही, आणि त्याच्या जागी सोललेला नारळ वगैरे देऊ नका कोणी, सांगून ठेवतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल मोजा. अमेरिकेत मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने पिच स्मार्ट नावाचे नियम केलेत, ११-१२ वर्षांच्या पोराला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (म्हणजे टाकलेले बॉल), १३-१४ ला ९५, आणि चौदापर्यंतच्या पोराने एका दिवसात ६६ च्या वर टाकले की चार दिवस सुट्टी. हे क्रिकेटचे आकडे नाहीत, पण मोजायची सवय उचला. आपल्याकडे एकच पोरगं सकाळी एका गावाकडून आणि दुपारी दुसऱ्या गावाकडून खेळतं, वर मधल्या वेळेत नेटला टाकतं, आणि चाकरमानी आले की शिमग्यात तर विचारूच नका. वहीत लिहा, नेटचे बॉल पण धरा. टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, हलका आहे म्हणून काही होत नाही हा गैरसमज आहे, हलक्या बॉलला हात अजून जोरात फिरतो आणि त्याला ब्रेक लावतात ते खांद्यामागचे स्नायू. ते व्यायामाच्या रबर बँडने तयार करा. दुखतंय म्हणाला की थांबवा, मॅच फायनल असली तरी.

नवख्यांना घाबरू नका. २००८ मध्ये युपीचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हाऊसकडे गेले, भालाफेकवाले, बेसबॉल कधी खेळलेले नाहीत, आणि त्याच वर्षी मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्स टीमने दोघांना साइन केलं. तुमच्याकडे पण जाळं ओढणारा एखादा तगडा पोरगा असेल, बघा.

कागद हवाच असेल तर पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग क्रिकेटला पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली येतात, तिथल्या कोचिंग कोर्सची चौकशी जिल्हा संघटनेकडे करा. आणि फी पहिल्याच महिन्यापासून घ्या, थोडी का असेना, नाहीतर वर्षाच्या शेवटी शाल-श्रीफळ देऊन मोकळे होतील.