परवडणाऱ्या घरांच्या अनुदानाचा प्रस्ताव कसा तपासला जातो आणि तो कसा मांडावा

परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प आखताना नगरपरिषदा, कामगारांच्या गृहनिर्माण संस्था आणि विकासक यांचा बहुतेक वेळ नकाशांवर जातो. प्रस्तावासोबत दर्शनी भागाची रंगीत चित्रे जोडली जातात, सुविधांची वर्णने लिहिली जातात आणि काही आठवड्यांनी तोच प्रस्ताव त्रुटींच्या यादीसह परत येतो. तपासणाऱ्यासमोर मुळात एकच प्रश्न असतो : ठरावीक उत्पन्नाचे, नावानिशी माहीत असलेले कुटुंब या जागेवरच्या घरात ठरलेल्या मुदतीत राहायला जाऊ शकेल का? जमीन, लाभार्थी आणि पैसा या तिन्हींची कागदपत्रे या प्रश्नाचे एकच उत्तर देत असतील तर प्रस्ताव पुढे सरकतो. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) मधील भागीदारीतून, म्हणजे शासकीय यंत्रणा किंवा खासगी विकासक यांना सोबत घेऊन, परवडणारी घरे बांधण्याचा जो घटक आहे, ज्याला महाराष्ट्रातील कार्यालयांत पहिल्या टप्प्यापासून ‘घटक क्रमांक ३’ म्हणतात, तो समोर ठेवून ही तपासणी कशी चालते ते येथे सांगितले आहे.

ही योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.०, १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला. दोन्ही टप्प्यांच्या मार्गदर्शक सूचनांत फरक आहेत. त्यामुळे जुन्या मंजूर प्रस्तावाची नक्कल समोर ठेवून नवा प्रस्ताव लिहिण्याची सवय सोडून द्यावी आणि लागू असलेली मार्गदर्शिका व राज्याचे शासन निर्णय टेबलावर उघडे ठेवूनच कामाला बसावे.

प्रस्तावाचा प्रवास

सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात, तो नागरी स्थानिक स्वराज्य संस्था किंवा अन्य अंमलबजावणी यंत्रणा तयार करते. तेथून तो राज्याच्या सुकाणू अभिकरणाकडे, म्हणजे राज्यपातळीवर योजनेचा समन्वय पाहणाऱ्या संस्थेकडे जातो. महाराष्ट्रात हे काम म्हाडाकडे आहे. राज्यस्तरीय मूल्यमापन समिती त्याची तांत्रिक आणि आर्थिक छाननी करते, त्यानंतर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय मंजुरी व संनियंत्रण समिती त्याला मान्यता देते आणि शेवटी केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय समितीपुढे तो केंद्राच्या अर्थसाहाय्यासाठी ठेवला जातो. खरी बारीक छाननी मूल्यमापन समितीच्या पातळीवर होते. वरच्या दोन समित्यांपुढे एकाच बैठकीत अनेक शहरांचे प्रस्ताव असतात, म्हणून तेथे सारांश तक्त्यातले आकडेच आधी वाचले जातात. सारांशातील घरांची संख्या आणि नकाशावरील सदनिकांची संख्या यांत एका घराचा जरी फरक असला तरी प्रस्ताव अडतो, कारण अनुदान घरागणिक मोजले जाते.

जमीन

जमिनीची तपासणी कागदावर सुरू होते आणि कागदावरच बहुतेक प्रस्ताव अडखळतात. सातबारा उताऱ्यावर मालकाचे नाव बरोबर आहे एवढे पाहून थांबू नये. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयीन दाव्याची नोंद यांपैकी काहीही असले तरी जमीन भारमुक्त आहे असे म्हणता येत नाही. कर्ज फेडून झालेले असते, पण बोजा कमी केल्याचा फेरफार घातलेला नसतो, अशी उदाहरणे मी अनेकदा पाहिली आहेत. त्या एका नोंदीसाठी प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विक्री-हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन असेल तर हस्तांतरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती परवानगी ‘मिळण्याच्या मार्गावर आहे’ या वाक्याला छाननीत काहीच वजन नसते.

त्यानंतर विकास योजनेतील आरक्षण, पूररेषा, बिनशेतीची स्थिती आणि पोहोचरस्ता हे पाहिले जाते. पोहोचरस्त्याबद्दल थोडे थांबून सांगतो. एका प्रस्तावाच्या स्थळदर्शक नकाशावर बारा मीटर रुंदीचा रस्ता अगदी ठळक दाखवला होता. मोजणीचा नकाशा त्यावर ठेवून पाहिल्यावर लक्षात आले की तो रस्ता शेजारच्या गट क्रमांकातून जातो आणि त्या गटाच्या मालकाने कोणतीही संमती दिलेली नाही. शेकडो घरांचा प्रकल्प एका पट्टीएवढ्या जागेसाठी थांबला. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी मोजणीचा नकाशा, मंजूर विकास योजना आणि वास्तुविशारदाचा आराखडा हे तिन्ही एकाच प्रमाणावर आणून एकमेकांवर ठेवून पाहावेत. या कामाला एक दुपार पुरते.

पाणी, मलनिस्सारण आणि वीज यांसाठी संबंधित यंत्रणेचे लेखी पत्र लागते, आणि त्या पत्रात दररोज किती लिटर पाणी, कोणत्या जलवाहिनीतून आणि केव्हापासून हे लिहिलेले असावे. ‘पाणीपुरवठा करण्यास हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचे पत्र तपासणारा बाजूला ठेवतो. गावकुसाबाहेर स्वस्तात जमीन मिळाली म्हणून तेथे प्रकल्प न्यायचा असेल, तर कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर आणि बसची सोय अहवालात आपण होऊन लिहावी. धुणीभांडी करणाऱ्या किंवा हातगाडी लावणाऱ्या माणसाला रोजच्या येण्याजाण्याचा खर्च परवडला नाही तर घर मिळूनही ते रिकामे राहते, आणि रिकामी घरे पाहिलेल्या अधिकाऱ्याला ही शंका येणारच.

लाभार्थी

अर्थसाहाय्य आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील कुटुंबाच्या घरासाठी आहे. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा ३ लाख रुपये आहे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले, आणि त्यांपैकी कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. दुसऱ्या टप्प्यात आणखी एक अट आली : मागील २० वर्षांत कोणत्याही शासकीय गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसावा. घर कुटुंबातील महिलेच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे, हा दंडक पहिल्या टप्प्यापासून आहे.

छाननीत लाभार्थी यादीची लांबी फारशी मोजली जात नाही, तिची शुद्धता मोजली जाते. आधार क्रमांकावरून नावांची पडताळणी होते तेव्हा एकच व्यक्ती दोन शहरांच्या यादीत सापडते, पती योजनेच्या एका घटकात आणि पत्नी दुसऱ्या घटकात अर्जदार असल्याचे दिसते, किंवा शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव जुळत नाही. मागणी सर्वेक्षणात हजारो अर्ज आले म्हणजे मागणी सिद्ध झाली असे मानणे चुकीचे आहे. अर्ज करायला पैसे लागत नाहीत; स्वतःचा हिस्सा भरायची वेळ आली की त्यांतले किती टिकतात, ही खरी मागणी. म्हणून प्रस्तावात अर्जांच्या संख्येबरोबर किती कुटुंबांची समक्ष पडताळणी झाली, किती कुटुंबांनी हिस्सा भरण्याची लेखी तयारी दाखवली आणि किती जणांचे बँक खाते नियमित चालू आहे, हे वेगवेगळे मांडावे. आकडे छोटे दिसतील, पण ते टिकतील.

सोलापूरजवळ कुंभारी येथील रे नगर प्रकल्पाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठी आखलेला हा ३०,००० घरांचा प्रकल्प. त्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते लाभार्थ्यांना देण्यात आली. एवढ्या मोठ्या संख्येमागे आधीपासून एकत्र आलेली, आपापला हिस्सा देण्याची तयारी असलेली कुटुंबे होती, आणि माझ्या मते छोट्या शहरांनी त्या प्रकल्पातून पहिल्यांदा हेच शिकावे.

पैशाचा ताळा

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. महाराष्ट्रासारख्या राज्यात या घटकाखाली केंद्राचे साहाय्य प्रति घर दीड लाख रुपये आणि राज्याचे एक लाख रुपये आहे. पहिल्या टप्प्याच्या सूचनांनुसार प्रकल्पात किमान २५० घरे आणि त्यांपैकी किमान ३५ टक्के घरे दुर्बल घटकासाठी असणे आवश्यक होते. टक्केवारीची अशी अट असेल तेथे आकडेमोड पूर्ण घरांत करावी. समजा ६०० घरांचा प्रकल्प आहे. ३५ टक्के म्हणजे २१० घरे. अहवालात २०८ घरे दाखवून ‘सुमारे ३५ टक्के’ लिहिले तर प्रत्यक्षात ते ३४.६७ टक्के होतात आणि दोन घरांमुळे सगळा प्रकल्प अपात्र ठरतो. नकाशात नंतर बदल केल्यावर एखाद्या मजल्यावरील छोट्या सदनिका मोठ्या होतात आणि हे प्रमाण नकळत घसरते, म्हणून प्रत्येक सुधारित नकाशाबरोबर ही मोजणी पुन्हा करावी.

आता एका घराचा हिशेब मांडू. समजा पायाभूत सुविधांसह घराची किंमत ९ लाख रुपये येते. अडीच लाखांचे अनुदान वजा जाता लाभार्थ्याचा हिस्सा साडेसहा लाख उरतो. त्यातले एक लाख त्याने स्वतः उभे केले आणि साडेपाच लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, असे धरले तर मासिक हप्ता साधारण ४,९५० रुपये बसतो. महिना २५,००० रुपये मिळवणाऱ्या कुटुंबासाठी हा हप्ता उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे. पण यादीतील कुटुंबाचे उत्पन्न महिना १२,००० रुपये असेल, तर हाच हप्ता त्याच्या कमाईचे ४१ टक्के खातो, आणि बांधकाम चालू असेपर्यंत त्याला झोपडीचे भाडेही भरायचे असते. उत्पन्नाची कमाल मर्यादा धरून केलेला हिशेब म्हणूनच फसवा असतो. अहवालात यादीतील कुटुंबांचे प्रत्यक्ष उत्पन्नगट दाखवावेत आणि प्रत्येक गटापुढे हप्ता लिहावा. ज्यांना बँक कर्ज देणार नाही, त्यांच्यासाठी कोणती सोय आहे तेही सांगावे. बँकेचे तत्त्वतः संमतिपत्र जोडलेले असेल तर छाननीतील निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

अंदाजपत्रक चालू दरसूचीवर, म्हणजे बांधकामाच्या शासकीय दरपत्रकावर आधारलेले असावे आणि जमीन, बांधकाम, अंतर्गत रस्ते व वाहिन्या, सल्लागाराचे शुल्क हे खर्च स्वतंत्र दिसावेत. विकासक भागीदार असेल तर खुल्या बाजारात विकायच्या घरांतून येणारा पैसा कोणत्या दराने आणि किती काळात येईल, हे त्याने आशावादी धरलेले असते. तो दर १० टक्क्यांनी खाली आणून पाहिला आणि प्रकल्प तरीही उभा राहिला, तर ते गणित जोडपत्रात अवश्य द्यावे.

तांत्रिक बाजू

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार आणि भूकंपाचा विचार करून केलेला संरचनात्मक आराखडा, मातीपरीक्षणाचा अहवाल आणि चटई क्षेत्राचा (घराच्या आतील वापरण्याजोग्या जागेचा) तक्ता हे आवश्यकच आहेत. पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकाच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरले जात असे. नव्या टप्प्यात भागीदारीतील घरांसाठी ३० ते ४५ चौरस मीटरची मर्यादा आहे. पर्यायी तंत्रज्ञान वापरले तर प्रति चौरस मीटर १,००० रुपये, तेही प्रति घर ३० चौरस मीटरपर्यंत, असे तंत्रज्ञान अनुदान नव्या टप्प्यात ठेवले आहे. मात्र पुढची डागडुजी स्थानिक गवंडी करू शकणार नसतील तर केवळ त्या रकमेसाठी अनोळखी पद्धत निवडू नये.

त्रुटींना उत्तर

त्रुटीपत्र आले की प्रत्येक मुद्द्याला क्रमांकानुसार उत्तर द्यावे, ‘पूर्तता करण्यात आली आहे’ असे लिहून सोडून न देता कोणत्या पानावर, कोणत्या कागदाने पूर्तता झाली ते नमूद करावे. एका आकड्यात दुरुस्ती केली की सारांश, नकाशा, अंदाजपत्रक आणि लाभार्थी यादी या चारही ठिकाणी ती करावी. एका ठिकाणी राहून गेलेला जुना आकडा पुढच्या त्रुटीपत्राचे कारण होतो.

मंजुरीनंतरची तपासणी

मूल्यमापन मंजुरीच्या आदेशावर संपत नाही. केंद्राचे साहाय्य ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत येते. वरील २१० घरांसाठी केंद्राचा हिस्सा ३ कोटी १५ लाख रुपये होतो. त्यातील पहिला हप्ता १ कोटी २६ लाखांचा. पहिल्या टप्प्याच्या नियमानुसार मिळालेल्या निधीपैकी ७० टक्के खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि त्या प्रमाणात झालेले बांधकाम दाखवल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नसे. खर्च झाला पण काम दिसत नाही, किंवा काम झाले पण प्रमाणपत्र रखडले, या दोन्ही परिस्थितींत पैसे अडकतात. जिओ-टॅग केलेली छायाचित्रे आणि त्रयस्थ यंत्रणेचा गुणवत्ता अहवाल यांवरून प्रगती ताडून पाहिली जाते, म्हणून कामाच्या जागेवरील अभियंत्याने छायाचित्रे त्या त्या आठवड्यातच अपलोड करावीत.

शेवटचे २० टक्के, म्हणजे या उदाहरणातील ६३ लाख रुपये, घरे आणि पायाभूत सुविधा पूर्ण झाल्यावरच मिळतात. याचा अर्थ तेवढ्या रकमेचे काम आधी स्वतःच्या पैशाने करावे लागते आणि रोख प्रवाहाच्या तक्त्यात त्याची तरतूद पहिल्या दिवसापासून दिसली पाहिजे. ती नसली की गिलावा झालेल्या, खिडक्या बसलेल्या इमारती केवळ मलवाहिनी जोडायची राहिली म्हणून उभ्या राहतात, आणि ज्या कुटुंबाने कर्जाचा हप्ता सुरू केला आहे ते अजूनही भाड्याच्या खोलीत असते. सोडतीची तारीख म्हणूनच नळाला पाणी येण्याची तारीख पाहून ठरवावी आणि वाटपात दिव्यांग व ज्येष्ठ सदस्य असलेल्या कुटुंबांना तळमजल्याची किंवा खालच्या मजल्यांची घरे द्यावीत. मार्गदर्शिकेत तसे नमूद आहे आणि पाहणीला येणारे पथक त्या दारांवर जाऊन विचारते.