मानेचा एमआरआय हातात आला, डॉक्टरकडे जायच्या आधी काय काय तयारी करायची

रिपोर्ट वाचून रात्रभर मोबाईलवर शोधत बसू नका, आदल्या दिवशी तासभर काढा आणि नीट तयारी करा, कारण इंदूरात न्यूरो किंवा स्पाइनवाल्याकडे अर्धी गर्दी देवास-उज्जैनहून आलेली असते, नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि आत गेल्यावर बोलायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात.

आधी पिशवी भरा. रिपोर्टचा कागद एकटा पुरत नाही, फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या, सर्जन फोटो स्वतः बघतात. मानेचे जुने एक्सरे, शुगर आणि बी-१२चे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती न विचारता सांगायची. बी-१२ साठी मी हट्ट धरते कारण ते कमी असलं तरी मुंग्या येतात, तोल जातो, आणि शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमी निघतं, वर मानेचा त्रास आणि हे दोन्ही एकाच माणसाला असू शकतं.

मग पेन्सिल घेऊन रिपोर्ट वाचा. सी५-६ म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली जागा, बहुतेकांचं तिथे नाहीतर सी६-७ला बिघडतं. डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी फुगणं), ऑस्टिओफाइट (हाडाची वाढलेली टोकं), डिजनरेटिव्ह चेंजेस (झीज) हे पन्नाशीनंतर मान अजिबात न दुखणाऱ्यांच्या रिपोर्टातही असतं, त्यावर झोप घालवू नका. फोरामेन, म्हणजे नस बाहेर पडायचं भोक, अरुंद लिहिलं असेल तर हाताकडे जाणारी नस दबत असेल. कॅनॉल स्टेनोसिस म्हणजे मज्जारज्जूची नळीच अरुंद, कधी मिलिमीटरचा आकडा असतो, साधारण १७ नॉर्मल, १३च्या खाली अरुंद, १०च्या खाली फारच. आणि कॉर्ड कम्प्रेशन (कॉर्ड म्हणजे मज्जारज्जू, तो दबणं), टी२ सिग्नल चेंज (टी२ या प्रकारच्या फोटोत कॉर्डचा रंग बदललेला दिसणं) किंवा मायलोमलेशिया (कॉर्ड मऊ पडून खराब होणं) दिसलं तर अपॉइंटमेंट पुढे ढकलायची नाही. फिल्म खिडकीशी धरून बघा, टी२च्या उभ्या फोटोत पाणी पांढरं आणि मधली कॉर्ड करडी दिसते, जिथे कॉर्डच्या दोन्ही बाजूची पांढरी रेघ पुसली गेलीय तिथे जागा संपलीय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हातापायांचं लिहून काढा, कारण ऑपरेशन करायचं का हे नुसत्या फोटोवर ठरत नाही. आमच्या काकूला ब्लाउजचे हूक लागेनात, पोळी लाटताना लाटणं हातातून निसटायचं, आणि ती वयाचं म्हणून कोणाला सांगत नव्हती, मान तर दुखतच नव्हती! तेव्हा घरच्यांनीच विचारा, बटण लागतं का, सही बदलली का, चप्पल पायातून सुटलेली कळते का, सराफा बाजाराच्या गर्दीत भिंत धरावी लागते का, लघवीला घाईने पळावं लागतं का. दहा सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडते-मिटते ते मोजा, वीसच्या आसपास व्हायला हवी. मुंग्या कुठल्या बोटात तेही लिहा, अंगठ्याकडे असेल तर बहुधा सी६ची नस, मधल्या बोटात सी७, करंगळीत सी८.

तोपर्यंत न्हाव्याकडे मान कडकन मोडून घेणं बंद म्हणजे बंद, मालिशवाला नको, आणि न विचारता मानेला वजन लावणंही नको. पाय एकदम लुळे पडले किंवा लघवी अडकली तर नंबरची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

विचारायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: नस दबतेय की कॉर्ड, थांबलो तर परत कधी दाखवायचं, आणि ऑपरेशनने गेलेली ताकद परत येईल की फक्त पुढचं बिघडणं थांबेल, हे तिसरं तर नक्की विचारा, कारण कॉर्डच्या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा मुख्य उद्देश पुढचं थांबवणं हाच असतो आणि नंतर घरचे म्हणतात आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सोबत असं माणूस न्या जे पेशंटला रोज चालताना बघतं.