साइन-कॉसचं इंटिग्रेशन करताना मायनस कुठे लावायचा?

बारावीत इंटिग्रेशन सुरू झालं की पहिला घोळ मायनसचाच होतो. डेरिव्हेटिव्ह सगळ्यांना येत असतात, साइनचं कॉस आणि कॉसचं मायनस साइन, पण उलटं जायचं म्हटलं की गडबड. त्यामुळे सूत्रांचा तक्ता थोडा वेळ बाजूला ठेवा आणि स्वतःला एवढंच विचारा, कशाचं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर साइन एक्स येईल? कॉस घेऊन बघा, मायनस साइन आला, तो मायनस नकोय, मग आधीच एक मायनस लावून टाका. झालं, मायनस कॉस एक्स प्लस सी. सेक स्क्वेअरचं टॅन, सेक गुणिले टॅनचं सेक, हे पण असंच निघतं.

आत ३एक्स असेल तर ३ ने भागायचं, कारण डेरिव्हेटिव्ह घेताना तो ३ बाहेर येणारच आहे.

साइन स्क्वेअरला मात्र खूप जण सरळ साइन क्यूब भागिले ३ लिहून मोकळे होतात. त्याचं डेरिव्हेटिव्ह घेऊन बघा ना, सोबत एक जादा कॉस येतो! इथे आधी साइन स्क्वेअर म्हणजे १ वजा कॉस २एक्स, भागिले २ असं लिहायचं, मग उत्तर एक्स भागिले २ वजा साइन २एक्स भागिले ४, प्लस सी.

आता माझं सगळ्यात आवडतं गणित, साइन एक्स गुणिले कॉस एक्स. साइनला टी धरलं तर साइन स्क्वेअर भागिले २ येतं, कॉसला टी धरलं तर मायनस कॉस स्क्वेअर भागिले २, आणि मागे छापलेलं उत्तर मायनस कॉस २एक्स भागिले ४ असेल तर पोरं बरोबर आलेलं गणित खोडतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. अरे, पहिल्या दोन उत्तरांची वजाबाकी करा, बरोब्बर १/२ येते, म्हणजे फरक फक्त कॉन्स्टंटचा, तो सी मध्ये जातो. तिन्ही बरोबर. प्लस सी लिहायचा तो यासाठी, मार्क कापतील म्हणून नाही.

नुसत्या सेक एक्सला अडलात तर मनाला लावून घेऊ नका. समुद्री नकाशांसाठी हे लागायचं, १६४५ च्या सुमारास हेन्री बाँडने कोष्टकं जुळवून उत्तर ओळखलं आणि सिद्धता जेम्स ग्रेगरीने दिली थेट १६६८ मध्ये. आपल्याला युक्ती आयती मिळालीये, वर-खाली सेक प्लस टॅनने गुणा, वर नेमकं खालच्याचं डेरिव्हेटिव्ह तयार होतं, म्हणून उत्तर लॉग मॉड सेक एक्स प्लस टॅन एक्स, आणि पुढे प्लस सी.