गाडी माझ्याकडे, कागद त्यांच्या नावावर

नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर गाडी माझ्याकडे जळगावला राहिली, हे धुळ्याला. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि विमा मात्र त्यांच्याच नावावर. अजिंठा चौफुलीला सिग्नल मी तोडला, चलनाचा मेसेज गेला त्यांना. लगेच फोन! (चूक माझीच, ते सोडा.)

खरी धास्ती विम्याची. पॉलिसीतलं १५ लाखांचं मालक-चालक अपघात कवच आरसीवर नाव असलेल्यालाच मिळतं. म्हणजे गाडी चालवणार मी आणि मलाच काही नाही.

म्हणून गाडी माझ्या नावावर करायचं ठरवलं. आधी थकलेली चलनं भरली. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ देऊन तो उतरवला. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या हव्या होत्या. तोवर आमचं बोलणं बंद, म्हणून मामांनी एरंडोलजवळच्या ढाब्यावर चहा पाजून त्या घेतल्या.

नाव बदललं की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) आपोआप आपल्याकडे येतो, गाडीच्या नुकसानीचं कवच येत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र त्यांच्यासोबतच गेला. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तेवढा फरक मी भरला. टोचलंच जरा.

आता चलन माझ्याच मोबाइलवर येतं.